आजारपणात कोणाचे दार ठोठवावे?



जुन्या करारातील बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय आपल्या घरी सहसा उघडला जात नाही. त्याच्या पहिल्या पंधरा ओव्या वैद्याविषयी आहेत. वैद्याला मान द्यावा, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे. औषधी देवाने जमिनीतून उपजवल्या आहेत आणि समंजस माणूस त्या नाकारत नाही, असा त्यांचा आशय आहे. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे काम करू द्यावे, या दोन्ही गोष्टी तिथे एकाच दमात सांगितल्या आहेत. संत लूक हा स्वतः वैद्य होता. संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (४:१४) त्याचा तसा प्रेमाने उल्लेख केला आहे.

तेव्हा ख्रिस्ती माणसाने डॉक्टरकडे जावे की नाही, हा आपल्यापुढचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या दवाखान्यात आणि किती लवकर, हा. जळगाव आणि धुळे या शहरांत चौकाचौकांत हॉस्पिटलच्या पाट्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात मात्र रात्री दोन वाजता कोणाला उठवायचे, हेच घरात कोणाला ठाऊक नसते. मग एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात जो वेळ जातो, तो पुष्कळदा आजारापेक्षा जास्त घात करतो.

शोमरोन्याने काय केले?

लूकच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. आज त्याच्या दयेविषयी न बोलता त्याने केलेली कामे क्रमाने पाहू. आधी त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या. मग जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले. मग उतारशाळेत नेऊन त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले आणि वरचा खर्च परत येताना देईन, असा शब्द दिला. प्रथमोपचार, वाहन, जागा आणि खर्च, असा हा क्रम आहे. त्याने जखमी माणसाला आपल्या गावी नेले नाही, की यरुशलेममधला नामांकित वैद्य शोधला नाही. उतारशाळेवर भागण्यासारखे होते, तिथे त्याने भागवले.

आपल्याकडे उलटे होते. कोणी आजारी पडले की आधी ‘सगळ्यांत मोठा डॉक्टर कोण?’ आणि ‘पैसे कुठून आणायचे?’ या दोन प्रश्नांवर घरात बैठक बसते. पहिली दोन कामे तशीच राहतात.

सरकारी दवाखान्यांच्या पायऱ्या

सरकारी आरोग्यसेवेची रचना जिन्यासारखी आहे. गावात आशा कार्यकर्ती असते. साधारण पाच हजार लोकवस्तीमागे, आदिवासी भागात तीन हजारांमागे, एक उपकेंद्र असते. साधारण तीस हजारांमागे, आदिवासी भागात वीस हजारांमागे, प्राथमिक आरोग्य केंद्र असते. अलीकडे यांच्या पाट्यांवर ‘आरोग्यवर्धिनी’ किंवा ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव दिसते. दवाखाना तोच आहे, गोंधळून जाऊ नये. त्यावर ग्रामीण रुग्णालय, मग चोपडा, शिरपूर, दोंडाईचा येथे आहे तसे उपजिल्हा रुग्णालय, आणि शेवटी ज्याला आपण सगळे ‘सिव्हिल’ म्हणतो ते मोठे रुग्णालय.

जळगावच्या सिव्हिलला २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. त्याआधी अवघड रुग्णाला पुष्कळदा धुळे किंवा औरंगाबादची वाट दाखवली जाई. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय चक्करबर्डीला आहे. खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयेही आहेत: जळगाव-भुसावळ मार्गावर डॉ. उल्हास पाटील महाविद्यालयाचे आणि धुळ्याजवळ मोराणे येथे अण्णासाहेब चुडामण पाटील महाविद्यालयाचे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे रेल्वेत नोकरीला आहेत किंवा निवृत्त झालेली आहेत. त्यांना भुसावळचे रेल्वे रुग्णालय आहे. आपले रेल्वेचे वैद्यकीय कार्ड कपाटात कुठे आहे, हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी माहीत असू द्या.

या जिन्याचा उपयोग असा की सर्दी-तापासाठी सिव्हिलच्या रांगेत दिवस घालवायचा नाही, आणि छातीत कळ आल्यावर गावच्या औषध दुकानात गोळी मागायची नाही. लोक दोन्ही करतात.

साधा ताप, जुलाब आणि सलाईन

बहुतेक आजार जिन्याच्या पहिल्या पायरीवर बरे होतात. पण आपल्याकडे एक समजूत फार घट्ट बसली आहे: सलाईन लावली नाही तर तो डॉक्टर कसला! मोलमजुरी करणारा माणूस अंग दुखते म्हणून दोन दिवसांची मजुरी देऊन एक बाटली लावून घेतो. त्या बाटलीत बहुतेक वेळा मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असते. तोंडाने पिता येत असेल, उलटी थांबत असेल, तर तेच काम घरी होते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा आशाताईंकडे मिळणारे क्षारसंजीवनीचे पाकीट. जुलाबाच्या मुलाला हे घोट घोट पाजत राहावे आणि अंगावरचे दूध बंद करू नये.

पण साधा आजार कधी साधा राहत नाही, हेही ओळखता आले पाहिजे. मूल दूध ओढत नाही, सुस्त पडून आहे, श्वास भरभर चालला आहे, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, झटके आले, डोळे खोल गेले, लघवी होत नाही, यांपैकी एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहू नये. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासून घ्यावे, हिवताप की डेंग्यू ते कळते. तोवर पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी दुकानातून आणून घेऊ नये. डेंग्यूमध्ये काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर खोकल्याचे औषध बदलत बसण्यापेक्षा थुंकी तपासावी. क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत आणि आहारासाठी रुग्णाच्या खात्यात दरमहा मदत जमा होते. नोव्हेंबर २०२४ पासून ती एक हजार रुपये झाली. सातपुड्यातील भिल्ल व पावरा कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो. मुलाचे सांधे वारंवार दुखतात, अंगात रक्त राहत नाही, डोळे पिवळे दिसतात, असे असेल तर ती तपासणीही प्राथमिक आरोग्य केंद्रातून करून घेता येते.

बाळंतपणासाठी दार आधीच ठरलेले असावे. गरोदर स्त्री आणि नवजात बाळासाठी १०२ ची गाडी आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया करावी लागली तर तीही, औषधे, जेवण आणि घरी परत सोडणे हे सगळे २०११ पासून चाललेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. अंगावरून रक्त जाणे, झटके, डोके फार दुखून अंधारी येणे, ही चिन्हे दिसली तर तारखेची वाट पाहायची नसते.

साप चावला तर

यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण केळीच्या बागा, कापूस आणि उसाच्या या मुलखात घरातले कोणी ना कोणी रोज पहाटे पाणी द्यायला शेतात उतरते.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. चौघांच्याही विषावर एकच लस चालते. तिला प्रतिसर्पविष म्हणतात आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत विनामूल्य दिली जाते. या विषावर दुसरे औषध नाही. कोणत्याही झाडपाल्याने, मंत्राने किंवा खड्याने हे विष उतरत नाही. भगताकडे गेलेली माणसे बरी होतात ती बहुधा बिनविषारी सापाने चावलेली असतात, किंवा सापाने विष सोडलेलेच नसते. नेमकी हीच माणसे पुढे भगताची साक्ष देतात.

समजा, चोपडा तालुक्यात डोंगराकडच्या पाड्यावर रात्री कोणाला साप चावला. चावलेली जागा कापू नये, तोंडाने विष ओढू नये, दोरीने करकचून बांधू नये. घट्ट बांधल्याने रक्त अडते आणि पाय कापायची पाळी येऊ शकते. अंगठ्या, कडी, जोडवी काढून ठेवावी. हाड मोडल्यावर फळी बांधतो तसा तो हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवावा, माणसाला चालवू नये, आणि निघावे. साप मारून सोबत आणण्यात वेळ घालवू नये. त्यात दुसऱ्यालाही चावल्याची उदाहरणे आहेत.

आता दार कोणते? इथेच चूक होते. घरचे म्हणतात, थेट जळगावला नेऊ. पण पाड्यावरून जळगावला पोचायला दोन तास सहज लागतात. त्याऐवजी वाटेवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात लस सुरू करावी, आणि मग लागेल तर सलाईन चालू ठेवून १०८ च्या गाडीतून पुढे जावे. कृत्रिम श्वासाचे यंत्र किंवा डायलिसिस लागले तर मोठे रुग्णालय लागतेच. पण पहिला डोस जवळच्या दारी. निघण्यापूर्वी फोन करून लस व डॉक्टर आहेत का, एवढे आशाताईंमार्फत विचारून घेता आले तर फार बरे.

दवाखान्यात गेल्यावर आणखी एक प्रसंग हमखास घडतो. डॉक्टर रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत ठेवतात आणि वीस मिनिटे तिला हातही लावत नाहीत. नातेवाइकांना वाटते, हे नुसते बसले आहेत! आवाज चढतो. प्रत्यक्षात ती तपासणीच असते. वीस मिनिटांनी नळी कलती केली आणि रक्त गोठलेले नसेल, तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनले आहे, असे कळते. लसीचा कधी कधी त्रासही होतो, म्हणून ती विनाकारण देत नाहीत.

मण्यारीचे वेगळेच आहे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दाताची खूण दिसत नाही, सूज येत नाही. माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरचे ओवा देतात. जमिनीवर झोपणाऱ्याला पहाटे असे झाले तर सापाचा संशय घेऊन लगेच निघावे. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

कुत्रा चावला तर आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, तेल काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी आणि कार्डावर लिहिलेल्या सगळ्या तारखा पाळाव्यात. जखम खोल असेल, चेहऱ्यावर किंवा बोटांवर असेल, तर लसीखेरीज जखमेत वेगळे इंजेक्शन द्यावे लागते. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवतील, तिथे जावेच. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही. शेजारच्याला काही झाले नाही म्हणून चौथी सुई चुकवणे हा केवढा मोठा जुगार आहे!

फवारणीचे औषध अंगावर किंवा पोटात गेले तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे, बळेच उलटी करवू नये, आणि औषधाचा डबा किंवा बाटली सोबत न्यावी. तिच्यावरचे नाव वाचून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. उन्हात माणूस बरळू लागला, अंग तापले, शुद्ध हरपली, तर आधी सावलीत आणून पाण्याने अंग भिजवावे, वारा घालावा आणि मग गाडीत घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

घड्याळ पाहण्याचे आजार

‘अंगावरून वारे गेले’ असे आपण म्हणतो. तोंड वाकडे होते, एक हात उचलत नाही, शब्द जडावतात. मग लकव्याचे औषध देणाऱ्या गावाची चौकशी सुरू होते, मालीश होते, आणि तिसऱ्या दिवशी माणूस सिव्हिलला येतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्याआधी सी.टी. स्कॅन व्हावा लागतो. म्हणून लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा आणि जिथे सी.टी. स्कॅन आहे अशाच रुग्णालयात थेट जा. सर्पदंशाला जवळचे दार आणि लकव्याला यंत्र असलेले दार, हा फरक लक्षात घ्यावा.

छातीत दाटून येणे, घाम फुटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, याला ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पाजणारे प्रत्येक कुटुंबात आहेत. निदान ई.सी.जी. काढून मगच गॅस म्हणावा. तो ग्रामीण रुग्णालयातही निघतो. अशा माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये.

१०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिच्यात डॉक्टर असतो आणि तिचे पैसे लागत नाहीत. फोनवर गाव, तालुका, जवळची खूण आणि काय झाले ते सांगा, आणि फोन व्यस्त ठेवू नका. गाडी लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने निघून वाटेत तिला गाठता येते. खाजगी रुग्णवाहिकेत बसताना कोणत्या रुग्णालयात न्यायचे, ते तुम्ही ठरवा. ‘सिव्हिलला जागा नाही, मी चांगल्या ठिकाणी नेतो’ असे ड्रायव्हरने म्हटले तर स्वतः फोन करून खात्री करा. रुग्णामागे मोबदला मिळतो म्हणून वाट वाकडी करणारेही या धंद्यात आहेत.

महामार्गावरचा शेजारी

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. अपघात आपल्याला नवे नाहीत. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ एक कंटेनर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा बळी गेला. अशा वेळी पहिली मदत गावकऱ्यांचीच असते.

पण ‘पोलिसांचे झंझट नको’ म्हणून पुष्कळ जण गाडी थांबवत नाहीत. दाखल्यातले याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूने निघून गेले, तसेच हे. खरे तर ती भीती आता उरलेली नाही. जखमीवर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, पोलिसांचे कागद नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले. ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम त्याच न्यायालयाने बंधनकारक केले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. त्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात अशा माणसाला शोमरोन्याचेच नाव दिले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा दाखला आपल्या देशाच्या कायद्यात असा येऊन बसला आहे!

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी रोकडविरहित उपचारांची योजना लागू केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या रुग्णालयात मिळतो. तिथल्या नोंदणी खिडकीवर तिचे नाव घेऊन विचारावे. मान किंवा पाठ दुखावल्याचा संशय असेल तर जखमीला पोत्यासारखे उचलू नका. फळीवर सरळ घ्या.

दोन दीनारांचा प्रश्न

दागिना गहाण पडतो, कापसावर उचल घेतली जाते, शेकडा पाचने व्याज चढते. आजार पंधरा दिवसांत जातो, कर्ज राहते. म्हणून हे नीट वाचा.

२ जुलै २०१२ रोजी राज्याने राजीव गांधी जीवनदायी योजना प्रथम आठच जिल्ह्यांत सुरू केली, आणि त्यांत धुळे होते. जळगावसह उरलेले जिल्हे नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. आधी ती पिवळ्या-केशरी कार्डापुरती आणि दीड लाखापर्यंत होती. २०२३ च्या निर्णयानुसार ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये झाली. ‘आपण ख्रिस्ती, आपल्याला मिळत नाही’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. या योजनेत जात-धर्म विचारत नाहीत.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत. ही योजना नेमलेल्या रुग्णालयांतच चालते, आणि एखादे रुग्णालय हृदयासाठी नेमलेले असले तरी हाडांसाठी असेलच असे नाही. ठरलेले आजार व शस्त्रक्रियाच तिच्यात बसतात; बाहेरून दाखवून औषध घेतले तर पैसे मिळत नाहीत. दारातच ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. अनामत रक्कम भरण्यापूर्वी त्याला भेटा. आधी रोख भरून दाखल झालात, की नंतर योजनेत घालणे जिकिरीचे होते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. नावे दोन्हींवर सारखी आहेत का, ते आजच पाहा. आपल्या लोकांत हा घोळ फार. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर बाप्तिस्म्याचे दुसरे, आणि आडनाव तिसरेच! ऐन वेळी याच कारणाने मंजुरी अडते. तातडीच्या रुग्णाला कागदांसाठी थांबवत नाहीत, ते मुदतीत मागाहून देता येतात. अडचण आली तर १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० हे फोन आहेत.

शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याची; त्यांना तो निर्णय लागू केलेला नव्हता, तिथे केसपेपर व तपासण्यांसाठी माफक पैसे मागितले तर तो भ्रष्टाचार समजून भांडू नये. खाजगी रुग्णालयांसाठीही राज्याने २०२१ साली नियम केले आहेत: दरपत्रक लावले पाहिजे, तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवण्यापुरता उपचार नाकारता येत नाही, बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. हे शांतपणे, पण ठामपणे सांगावे. जिथे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा आहे, तिथे औषधांसाठी हात पसरायला संकोच करू नये.

पाटी, भगत आणि प्रार्थना

गावात मोटारसायकलवर बॅग लावून येणारा प्रत्येक ‘डॉक्टर’ डॉक्टर नसतो. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावलेला असतो. तो नसेल तर विचारावा. एका इंजेक्शनात सगळे दुखणे गायब करणारा माणूस बरेचदा स्टेरॉइड टोचत असतो, आणि त्याची किंमत मूत्रपिंडे व हाडे पुढे चुकवतात.

भगताविषयी बोलणे आपल्याला सोपे जाते. प्रार्थना सभांविषयी बोलणे अवघड जाते, पण ते टाळता येत नाही. ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद करा’ असे सांगणारे उपदेशक खान्देशातही फिरतात, आणि त्यांचे ऐकून मधुमेहाची, मिरगीची, क्षयाची औषधे सोडणारे आपल्यातही आहेत. ही ख्रिस्तसभेची शिकवण नाही. १४ सप्टेंबर २००० रोजी व्हॅटिकनने रोगमुक्तीच्या प्रार्थनांविषयी सूचना प्रसिद्ध केल्या. पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झालेले कार्डिनल रॅट्झिंगर तेव्हा त्या मंडळाचे प्रमुख होते. आजाऱ्यांसाठी प्रार्थना जरूर करावी, आणि तिच्यामुळे उपचार घेणे बाद होत नाही, उलट त्याला उत्तेजनच मिळते, असे त्यांत स्पष्ट केले आहे. गोळ्या बंद करायला सांगणारा कोणीही असो, तो माणूस औषधाची जबाबदारी घेणार आहे का, हे त्यालाच विचारावे.

याच ओघात रुग्णांच्या तैलाभ्यंगाबद्दल. याकोबाच्या पत्रात (५:१४) सांगितलेला हा संस्कार मरणाऱ्यासाठीच आहे, असा समज अजून आहे. फादर घरी आले की आजारी माणूस घाबरतो, ‘माझे संपले का?’ म्हणून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्याला ‘शेवटचा’ म्हणणे सोडून दिले आहे. मोठी शस्त्रक्रिया होण्यापूर्वी, गंभीर आजाराच्या सुरुवातीला, वयोवृद्धांना अशक्तपणा आल्यावर तो घेता येतो, आणि आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणादिवशी, १९९३ पासून जागतिक रुग्ण दिन पाळला जातो. पुष्कळ धर्मग्रामांत त्या वेळी हा संस्कार सामुदायिकरीत्या दिला जातो.

कोणी रुग्णालयात दाखल झाले तर फादरांना त्याच दिवशी कळवा. रुग्णालयाचे नाव, वॉर्ड, खाटेचा क्रमांक आणि सोबत थांबलेल्याचा मोबाइल सांगा. जळगाव-धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयांत नुसत्या नावावरून माणूस शोधण्यात तास जातो. अतिदक्षता विभागात भेटीची वेळ ठरलेली असते, म्हणून तिथल्या नर्सला आधी सांगून ठेवा की धर्मगुरू येणार आहेत. रुग्णाला गिळता येत नसेल, तर तेही फोनवरच सांगा. म्हणजे पवित्र कम्युनियन आणायचे की केवळ तेल, ते फादरांना निघतानाच कळेल.